खांद्याचं दुखणं, गंधपुऱ्याचं तेल आणि माझं पत्रक

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून एखाद्याचं दुखणं तुम्ही कधी खोटं ठरवलं आहे का?

लगेच नाही म्हणू नका. आधी घरातली माणसं आठवा. पाठ धरून चहा करणाऱ्या बाईला तुम्ही कधी म्हणाला असाल, "डॉक्टर तर म्हणाले काही नाही." तिचा त्या वेळचा चेहरा आठवा. मी अशी बाई होते. पुढे मीच दुसऱ्या एका बाईच्या जिवावर बेतणारी चूक केली. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी लिहिते आहे, कारण पहिलीतूनच दुसरी निघाली.

माझं नाव विशाखा. वय सत्तावीस, शिक्षण बी.ए. राहते वराळ्याला, आईवडिलांबरोबर. चार वर्षं लोणावळ्याच्या एका चिक्की कारखान्यात काम करते आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची मोठी शेड. आमच्याकडे चिक्की अजून हातानं लाटतात. गुळाचा उकळता पाक आणि शेंगदाणे तुपाचा हात फिरवलेल्या ओट्यावर ओततात. ते घट्ट व्हायच्या आत लाटून पातळ करायचे आणि वड्या पाडायच्या. लाटणं लोखंडी असतं, सगळा जोर खांद्यातून येतो. पाक थांबत नाही, म्हणून माणसालाही थांबता येत नाही.

आधी उजवा खांदा धरला. मग मान, मग दोन्ही दंड, मग पाठ. वर्षभरात अशी वेळ आली की अंगावर न दुखणारी जागा शोधावी लागे. वेणी घालायला हात वर जात नसे, सव्विसाव्या वर्षी आई माझी वेणी घालत होती. सकाळी उठले की वाटे, झोपेत कुणीतरी बडवून काढलंय. झोप तरी कसली, नुसतं पडून राहणं.

तीन डॉक्टर झाले. एक्स-रे स्वच्छ, रक्त स्वच्छ. कारखान्याच्या मालकांनी, म्हणजे आमच्या शेठनी, माझा एक्स-रे उजेडाला धरला, जसा काही त्यांना कळतो, आणि म्हणाले, "हाडं तर एकदम चकाचक आहेत. लग्न कर विशाखा, सगळं जाईल."

बायका हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

आमच्या घरातला कागद

माझे वडील नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कंपनीत फिटर आहेत. आम्ही त्यांना दादा म्हणतो. आमच्या घरात कपड्यांपेक्षा पत्रकं जास्त. पुस्तिका, ठराव, जाहीरनामे, अंगाऱ्या-धुपाऱ्याविरुद्धची चार पानी पत्रकं, जयंतीला वाटून उरलेले गठ्ठे. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. उद्गारचिन्ह मला पूर्णविरामाच्या आधी कळलं.

दादांचा एक नियम होता. तोंडी ऐकलेलं तपासून घ्यायचं आणि छापायचं ते जबाबदारीनं छापायचं. त्यामुळे आमच्या घरात आणि आमच्या आळीत कागदावरच्या शब्दाला वजन आलं. शेजारच्या बायका भांडण मिटवायलासुद्धा म्हणत, "दादा, कागदावर काय लिवलंय ते सांगा."

अशा घरात आईनं एकदा नीलगिरीची बाटली काढली. "पालथी पड. चोळून देते."

"ह्याला पुरावा काय?" मी विचारलं.

"पुरावा तुझ्या आजीचे गुडघे. जा, विचार तिला."

आजीला जाऊन बारा वर्षं झाली होती. दादा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "आज तेल चोळशील, उद्या अंगारा लावशील."

आईनं बाटलीचं बूच घट्ट लावलं. दोन दिवस ती दादांशी बोलली नाही आणि माझ्याशी गरजेपुरतंच बोलली. माझं दुखणं आमच्या घरात असं शिरलं होतं. कुणी कुणावर ओरडत नव्हतं, पण प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा आपलं ऐकत नाही.

निदान झालं तो दिवस

चौथी डॉक्टर तळेगावच्या एका रुग्णालयात भेटली. माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठी. तिनं एक्स-रे बाजूला ठेवला आणि अंगठ्यानं माझी मान, खांदे, कोपरं, गुडघे दाबत गेली. ती दाबायची आणि मी कळवळायचे. ती एका कागदावर फुल्या मारत होती. शेवटी म्हणाली, "याला फायब्रोमायल्जिया म्हणतात. स्नायूंचं जुनं दुखणं. एक्स-रेत दिसत नाही. पण खरं आहे."

मला पुढचं ऐकू आलं नाही. मी रडत होते. बाहेर बाकावर बसलेली आई घाबरून आत आली. तिला वाटलं काहीतरी भयंकर सांगितलं. मी म्हणाले, "आई, खरं आहे म्हणतायत. माझं दुखणं खरं आहे."

आई म्हणाली, "मला माहीत होतं की गं." आणि तीही रडायला लागली. डॉक्टरनं आम्हा दोघींना एकाच पेल्यातून पाणी दिलं.

डॉक्टरनं रोज संध्याकाळी एक गोळी, रोज थोडं चालणं, हळूहळू वाढवायचा व्यायाम आणि ठरल्या वेळी झोप असं सांगितलं. सहा महिने धीर धर म्हणाली. उठता उठता आईनं विचारलं, "तेलानं चोळलं तर चालंल का?"

"चालेल. बरं वाटत असेल तर जरूर चोळा. वासाची तेलं साध्या तेलात दोनचार थेंब मिसळून, तेवढीच. त्यानं आजार जात नाही, पण काहींना आराम पडतो. आणि दुसरी काही औषधं चालू असतील तर विचारून."

पाच वाक्यं होती. माझ्या कानांनी त्यातला "चालेल" एवढाच शब्द घरी आणला.

वासाची बंदी

आईनं खोबरेल तेलात नीलगिरी आणि गवती चहाच्या तेलाचे थेंब टाकले आणि माझ्या खांद्यांवरून हात फिरवला. मी खोटं सांगणार नाही, मला बरं वाटलं. तेलानं, की वासानं, की आईच्या हातानं, ते मला आजही सांगता येणार नाही. पण त्या संध्याकाळी खांदे कानांपासून खाली उतरले. मी सलग झोपले.

सकाळी कारखान्याच्या दारात शेठनी मला थांबवलं. "काय लावलंस?"

चिक्की वास ओढून घेते. गूळ, तूप, दाणे गरम असताना शेजारी कांदा जरी चिरला, तरी तो चिक्कीत उतरतो. पूर्वी एकदा कुणाच्या तरी बामाचा वास डब्यांत गेला होता आणि पर्यटकांनी माल परत आणला होता. तेव्हापासून शेठ दारात उभे राहून आमचे हात हुंगत. "माझी भाकरी या नाकावर आहे," ते म्हणत. मला त्यांनी साबणानं दोनदा हात, मान, दंड धुवायला लावले.

याचा परिणाम काय झाला ते समजून घ्या. अंग कामानं दुखतं, पण कामावर अंगाला काही लावायचं नाही. बसायला स्टूल नाही, मधे टेकायला दहा मिनिटं नाहीत. तेल लावायचं ते घरी गेल्यावर, आणि सकाळपर्यंत वास जायला हवा. म्हणून आम्ही सगळ्याच जणी कमी वेळात जास्त काम करणारं तेल शोधत होतो. मला ते सापडलं. गंधपुऱ्याचं तेल. दुखऱ्या अंगाच्या मलमांना जो थंड, नाकात शिरणारा वास येतो, तो याचाच. मी ते रात्री कशातही न मिसळता लावायचे आणि सकाळी साबणानं घासून धुवायचे. वरून गरम पाण्यात पिळलेलं फडकं. कातडी लाल व्हायची, चुरचुरायची, पण खांदा सुटायचा. आई म्हणाली, "अगं, थोडं खोबरेल घाल." मी म्हणाले, "पाणी घातलेलं दूध मी पीत नाही."

तीन आठवड्यांत मी गोळी बंद केली. डॉक्टरला न विचारता.

हिरवा कागद

आणि मग मला राग आला. दोन वर्षं मला खोटं ठरवलं होतं. मला वाटलं, एवढ्याशा बाटलीत उत्तर होतं आणि ते आमच्यापासून लपवलं गेलं. रागात माझा हात आपोआप कागदाकडे जातो, तसाच वाढले आहे मी.

एका बैठकीत पत्रक लिहिलं. 'कष्टकरी बहिणींनो, गोळ्यांची गुलामी सोडा!' असा मथळा. खाली ठळक अक्षरांत: 'तेल हेच औषध! शुद्ध लावा, भरपूर लावा, वरून शेका! वनस्पतीपासून अपाय होत नाही!' त्याखाली बारीक अक्षरांत बसायला स्टूल आणि मधल्या सुट्टीची मागणी. आज वाटतं, त्या कागदावर खरी गोष्ट तेवढीच होती आणि तीच मी बारीक केली.

दादांना तपासायला दिलं. त्यांनी तीन वेलांट्या सुधारल्या. मग चष्मा काढून विचारलं, "पुरावा?"

"मीच पुरावा."

 एरवी त्यांनी मला उभं सोललं असतं. पण माझ्या दुखण्यावर आपणही पुरेसा विश्वास ठेवला नाही, हे त्यांना खात होतं. मला ते कळत होतं आणि मी त्याचा फायदा घेतला. त्यांनी कागद परत दिला. मी हिरव्या कागदावर साठ प्रती काढल्या.

ठकूमावशी

आमच्या शेडमध्ये डबे भरायच्या टेबलावर ठकूमावशी बसायच्या. कार्ल्याकडच्या, शेतकरी घरातल्या. साठीच्या जवळच्या. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली होती आणि रक्त पातळ ठेवायची गोळी त्यांना रोज घ्यावी लागे. हे सगळ्यांना माहीत होतं, मलाही. पत्रक त्यांच्या हातात देताना ते माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

मावशींनी कागद उलटासुलटा केला. "मला कुटं वाचता येतंय? काय हाय ह्यात?"

"गुडघ्याचं औषध, मावशी."

"तू लिव्हलंस?"

"मीच."

"मग ठेवते." त्यांनी तो घडी करून पोलक्यात ठेवला.

दहाबारा दिवसांनी मावशींच्या हातांवर निळे डाग दिसायला लागले. बायकांनी चेष्टा सुरू केली. "मावशी, म्हातारा मारतो का काय आता?"

"त्याला जागचं उठवत न्हाई, मारतोय कसला," मावशी म्हणाल्या. "पण गुडघं लय हलकं झाल्यात बघा. इशाखाच्या तेलाची कमाल."

मला तेव्हा केवढा अभिमान वाटला.

त्यानंतर चारच दिवसांनी, सकाळी, डबे भरताना मावशींच्या नाकातून रक्त आलं. आधी थेंब, मग धार. डोकं वर केलं, पाणी मारलं, थांबेना. पांढऱ्या खोक्यांची रांग लाल झाली. शेठनी स्वतःच्या गाडीत घालून त्यांना रुग्णालयात नेलं. मी मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्या लुगड्याला गंधपुऱ्याचा वास येत होता; शेठ दारात हुंगत ते फक्त हातच.

एक पूर्ण दिवस

आता जे लिहायचं आहे त्यासाठी हा लेख लिहिते आहे.

रुग्णालयात आधी मावशींचा मुलगा आला, सून मागाहून आली. मावशींना बोलवत नव्हतं, म्हणून सून यायच्या आत डॉक्टरांनी मुलालाच विचारलं, "रोजची गोळी जास्त घेतली का? दुसरं नवीन काही औषध?"

मुलगा म्हणाला, "न्हाई सायेब. गोळ्या मोजून देतो मी. बाकी काय बी न्हाई."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला तेल आठवलं. त्याच क्षणी मी स्वतःला सांगितलं, तेल म्हणजे काही औषध नव्हे. साठ कागदांवर 'तेल हेच औषध' असं ठळक छापणारी मीच, आणि अंगाशी आलं तेव्हा ते औषध नाही म्हणणारीही मीच. मी गप्प बसले.

त्या वॉर्डातला दिवस मला तासातासानं आठवतो. दर थोड्या वेळानं नर्स यायची, रक्त काढायची, ज्या जागी सुई टोचली तिथे बोटानं दाबून बराच वेळ उभी राहायची, कारण रक्त थांबत नव्हतं. शेजारच्या खाटेवरची बाई सारखी विचारायची, "ह्यांना झालंय काय?" कुणालाच सांगता येत नव्हतं. हिरड्यांतून रक्त यायचं, सून कापसानं टिपायची. संध्याकाळी डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं की डोक्यात रक्तस्राव झाला तर हाताबाहेर जाईल. तो भिंतीला टेकला आणि तसाच खाली बसला.

मी घरी आले. दादांनी विचारलं, "कशानं झालं?" मी "माहीत नाही" म्हणाले. दादांनी पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "तुझ्या पत्रकावर खाली तुझं नाव आहे ना?"

एवढंच. ते ओरडले असते तर मी उलट बोलले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर फेरीला आले तेव्हा मी पर्समधला हिरवा कागद काढून त्यांच्या हातात दिला. माझ्याकडची तेलाची बाटलीही दिली. मुलगा, सून, नर्स, सगळ्यांसमोर. म्हणाले, "त्या हे लावत होत्या. रोज. न मिसळता, वरून शेक घेऊन. मी सांगितलं होतं."

डॉक्टरांनी बाटली हुंगली. त्यांचा चेहरा बदलला. हे तेल ॲस्पिरिनच्या जातकुळीतलं असतं, कातडीतून रक्तात उतरतं, शेकानं आणखी जास्त उतरतं, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर ते किती घातक ठरतं, हे त्यांनी तिथेच सांगितलं. मग नर्सला म्हणाले, "आधी यांचं अंग साबणानं पुसून काढा. लुगडं बदला." म्हणजे मी गप्प होते तो पूर्ण दिवस ते तेल त्यांच्या अंगावर आणि कपड्यांत तसंच होतं.

मुलगा माझ्याकडे आला. मला वाटलं मारणार. त्यानं नुसतं विचारलं, "काल का न्हाई बोलली?"

मी साबण आणायला गेले. 

मावशी घरी आल्यावर

तिसऱ्या दिवसापासून रक्त थांबायला लागलं. मावशी वाचल्या. आठ दिवसांनी घरी गेल्या. कामावर मात्र परत आल्या नाहीत. अशक्तपणा राहिला, आणि मुलानं पाठवलं नाही.

मी भेटायला गेले. मुलगा मला बघून बाहेर निघून गेला, तो आजही माझ्याशी बोलत नाही. सुनेनं चहा दिला. मावशी म्हणाल्या, "बस की. उबी का?"

मी माफी मागितली. मावशींनी हात हलवला. "सुनंनं मला वाचून दावलं. जाड अक्षरं तेवडी वाचली तिनं. मी म्हनलं, डाक्तरला इचारू का? मग म्हनलं, कागदावर हाय, आन् पोरगी शिकल्याली हाय. इचारायचं काय त्यात?"

 गुडघ्यावर हात फिरवत मावशी म्हणाल्या, "पर गुडघं खरंच हलकं झालतं गं. ते खोटं न्हवतं."

हेच मला सगळ्यात जड जातं. तेल खोटं नव्हतं. आराम खरा होता. त्या खऱ्या आरामाच्या जोरावर मी बाकीचं सगळं खोटं छापलं.

आता

दुखणं गेलेलं नाही. मी त्या डॉक्टरकडे परत गेले आणि सगळं कबूल केलं. गोळी पुन्हा सुरू केली. रोज चालते, भिंतीला हात टेकून खांद्याचे व्यायाम करते. काही दिवस चांगले जातात, काही दिवस वेणी अजून आईच घालते. आई अजून तेल चोळते, नीलगिरी आणि गवती चहाचे दोनचार थेंब, वाटीभर खोबरेलात. डॉक्टरला विचारून. दादा तेल कोमट करून आणून देतात आणि शेजारी पेपर वाचत बसतात.

राग अजून आहे. दिसत नाही ते दुखणं खोटं मानणाऱ्या प्रत्येकाचा मला राग येतो. बसायला स्टूल न देता दारात हात हुंगणाऱ्या नियमाचा येतो. स्टुलाची मागणी मी पुन्हा लिहून दिली आहे, या वेळी सगळ्यात वर, ठळक अक्षरांत. दोन स्टुलं आली आहेत. आम्ही चौदा जणी आहोत.

साठपैकी एक्केचाळीस पत्रकं मी दारोदार जाऊन परत आणली. बाकीच्यांचं काय झालं माहीत नाही. एकाचा फोटो मोबाइलवर फिरतो आहे. एका बाईनं तो मलाच पाठवला, "ताई, उपयोगाचं आहे, पुढे पाठवा" म्हणून. कुणाच्या तरी घरात आज ते कुणी तरी वाचून दाखवत असेल.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. तो हिरवा कागद किंवा त्याचा फोटो तुमच्याकडे असेल, तर फाडा, पुसा, आणि ज्यानं दिला त्याला का फाडला ते सांगा. आणि आज घरातली तेलाची, बामाची, मलमाची प्रत्येक बाटली शोधा. आई लावते, सासरे लावतात, तुम्ही लावता, ती प्रत्येक. दवाखान्यात जाताना त्या गोळ्यांच्याच पिशवीत टाका आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता टेबलावर ठेवा. घरात कुणाला वाचता येत नसेल, तर हे त्यांना वाचून दाखवा. नुसती जाड अक्षरं नको, सगळं वाचा.